वरची मूठ

इझाबेलबाय जाऊन चार महिने झाले. तिच्या दुकानाचे मेसेज अजून माझ्या फोनवर येतात. दुकान म्हणजे फोनमधलं, ऑनलाइन. ते उघडलं तेव्हा तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता, म्हणून नंबर माझा दिला होता. 'प्रिय विक्रेता, या सणासुदीला आपली विक्री वाढवा.' 'प्रिय विक्रेता, आपण बरेच दिवस दुकानात आला नाहीत.' मी वाचतो आणि तसेच ठेवून देतो. विक्रेता वारला हे कळवायचं कुठे, तो रकाना त्या ॲपमध्ये मला अजून सापडलेला नाही. दोनदा शोधला. तिसऱ्यांदा शोधायचं मनात येत नाही.

मे महिन्याच्या अखेरीला एका सकाळी ती उठली नाही, इतकंच. इगर्जीत तिच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, सगळी वाडी आली होती, आमच्यासारखे हिंदूही. फादर बोलताना म्हणाले, ही बाई खरी होती. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि माझ्या खिशातल्या फोनमध्ये त्याच बाईच्या दुकानाखाली दुसरा एक शब्द लिहिलेला होता. 'बनावट'. तो अजून आहे. तो पुसून घ्यायला तिने आयुष्याचं शेवटचं वर्ष घातलं. पैसे तिला नको होते, तो शब्द काढून हवा होता. मी तिला त्यात मदत केली. मदत म्हणावं का, हे मला ठरवता येत नाही, म्हणून हे सावकाश लिहितो आहे.

मी इथला नव्हे. शिक्षकाच्या नोकरीने मालवणच्या या बाजूला आलो, निवृत्त झालो आणि राहिलो. आता गावचं वाचनालय सांभाळतो. इझाबेलबाय वाचनालयात यायची, पण पुस्तकासाठी नाही. दारात चपला काढायची, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. वाचनालयात मोठ्याने बोलायचं नसतं असं तिने कुठेतरी ऐकलं होतं, त्यामुळे आत आली की कुजबुजायची. तिचं कुजबुजणं समोरच्या रस्त्यावर ऐकू जायचं. आत माझ्याशिवाय कुणी नसलं तरी ती कुजबुजायचीच.

बुटकी होती. गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा झगा, खांद्यावर पंचा. नखांच्या कडा बारा महिने काळपट लाल. तो रातांब्यांचा रंग. साबणाने जात नाही, आणि तिने तो घालवायचा कधी प्रयत्नही केला नाही. तिच्या आईने, आंजेलीनने, आठवडा बाजारात सोलं विकून घर चालवलं. सोलं म्हणजे आमसुलं. रातांबे फोडायचे, साली वाळवायच्या, पुन्हा मिठाच्या रसात घोळवून उन्हात टाकायच्या, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. पाच-सहा वेळा हे झालं की सोल तयार होतं. इझाबेलबाय त्यातलं एकही ऊन चुकवायची नाही. उन्हाळ्यात तिच्याकडे गेलं की ती आधी आभाळाकडे बघायची आणि मग पाहुण्याकडे.

तिची मापाची एक रीत होती, आईकडून आलेली. घरात जुनी तागडी होती, दोन पारड्यांची. सोलं घालायची, पारडी समान झाली की क्षणभर थांबायची, आणि मग वर एक मूठ टाकायची. ती मूठ मोजायची नाही. मालाचं पारडं धपकन खाली बसायचं. ते बसल्याशिवाय ती पिशवीचं तोंड बांधायची नाही. मी एकदा विचारलं, "बाय, ही मूठ कशासाठी?"

"माप काट्याचा," ती म्हणाली, "मूठ आपली."

पर्यटक वाढले, त्यांच्यासाठी रंगीत पाकिटांची दुकानं वाढली आणि बाजारात तिच्या टोपलीपाशी थांबणारे कमी झाले. तेव्हा मीच तिला ऑनलाइनचं सुचवलं. फॉर्म भरताना दुकानाचं नाव विचारलं होतं.

"आंजेलीनची सोलां घाला," ती म्हणाली.

"तुमचं नाव नको?"

"धंदो आवशीचो. मी नुसती हात."

पहिली ऑर्डर नागपूरची आली. तिने तो पत्ता माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतला. तिथे समुद्र नाही म्हणून तिला त्या माणसाची काळजी वाटली. कस्टमर हा शब्द तिने कधी उच्चारला नाही. गिऱ्हाईकाला ती गावाच्या नावाने ओळखायची. नागपूरचो, नाशकाची, ठाण्याचो. पार्सलवाला नंदू मालवणहून मोटरसायकलवर यायचा, त्याला ती दर वेळी सांगायची, "नागपूरचा वरती ठेव रे, दाबलो तर रस सुटतलो." नंदू म्हणायचा, "बाय, माका मालवणापर्यंतच जावचा आसा. फुडे कोण कोणाच्या उरावर बसता माका काय ठावक."

सुरुवातीचा त्रास साधा होता. पार्सल दारात आल्यावर पैसे द्यायचे, अशी सोय असते. लोक मागवतात, आणि दारात आल्यावर नको म्हणतात. पार्सल तीन आठवड्यांनी परत येतं, जाण्यायेण्याचा खर्च विकणाऱ्याच्या माथी. पहिलं असं परत आलं ते पुण्याहून. ते घेऊन ती वाचनालयात आली आणि कुजबुजली, "फोन लावा तेंका."

मी लावून दिला.

"हॅलो, मी सोलांवाली इझाबेल बोलतंय, मालवणसून. घरात सगळी बरी आसत मा?"

पलीकडचा माणूस गोंधळला. कोण, काय, असं काहीतरी म्हणाला.

"तुमी सोलां मागवलास, ती परत इली. म्हटला, घरात काय वायट तर नाय झाला?"

"नाही हो बाई," तो हसत म्हणाला, "मूड बदलला."

तिने फोन माझ्या हातात दिला आणि बाकावर बसली.

"मूड बदललो म्हणता. माका वाटला सुतक इला असात." मग म्हणाली, "आमी हयसर लग्न मोडतो, पण सांगान मोडतो."

परत आलेला माल ती दुसऱ्याला पाठवायची नाही. फिरून आलेलं दुसऱ्याच्या पानात वाढायचं नाही, असं तिचं म्हणणं. ती पाकीट फोडायची, सोलं पुन्हा उन्हात टाकायची, घरात वापरायची आणि शेजारी वाटायची. त्या वर्षी तिच्या शेजाऱ्यांनी इतकी सोलकढी प्यायली की एकाने मला विचारलं, मास्तर, आणखी किती पुणेकर रवले?

ती भोळी होती असं कुणाला वाटेल. ती भोळी नव्हती, भोळा मीच. एकदा एका माणसाचा फोन आला. मी लष्करात अधिकारी आहे, आमच्या भोजनगृहाला वीस किलो सोलं हवीत, पैसे आगाऊ देतो. फोटोही पाठवला, वर्दीतला. मग एक चौकोनी कोड आला. हा स्कॅन करा, आपला पिन टाका, रक्कम लगेच जमा होईल. वीस किलो म्हटल्यावर मीच हरखलो. ज्या खात्याचा पिन टाकायचा ते तिचं होतं, फोनमध्ये ते मी चालवत असे. मी तीन आकडे दाबले होते. तिने माझं मनगट धरलं.

"पैसे आपल्याकडे येवचे आसत मा?"

"हो."

"मगे कुलूप आपला कित्याक उघडूचा?"

तिने फोन घेतला आणि त्या माणसाला आपल्या कचेरीतल्या मराठीत, सरकारी साहेबांशी बोलायची त्या शुद्ध मराठीत, म्हणाली, "साहेब, आपण मनीऑर्डर करावी. आमचा पोस्टमन फार चांगला आहे." पलीकडून शिव्या आल्या. तिने त्या शांतपणे शेवटपर्यंत ऐकल्या आणि फोन ठेवला.

"मास्तरांनू," ती म्हणाली, "इतकी पुस्तकां वाचलास, एकातय ह्या नव्हता?"

मग ठाण्याची ऑर्डर आली. एक किलो, अर्ध्या अर्ध्या किलोची दोन पाकिटं. माल पोचला, पैसे आले, आणि चार दिवसांनी ते थांबवल्याचा निरोप आला. गिऱ्हाईकाने माल परत करतो म्हणून कळवलं होतं. कारणांच्या यादीतून त्याने एक निवडलं होतं : बनावट किंवा जुना माल.

पाकिटं परत आली तेव्हा मी तिच्या अंगणात होतो. नंदूने ती ओट्यावर ठेवली. पाकिटं तिचीच होती, वर चिकटवलेली तिच्या हातच्या अक्षरातली चिठ्ठीही तीच. वरचा जोड मात्र कापून पुन्हा चिकटवलेला होता. तिने एक पाकीट फोडलं आणि आत हात घातला. तिचा हात आतच थांबला.

"ह्यां सुका आसा," ती म्हणाली.

एक सोल काढून तिने वाकवलं, ते मोडलं. तिचं सोल मोडत नसे, कानाच्या पाळीसारखं मऊ असे. तिने तुकडा जिभेवर ठेवला, मग नंदूला दिला. नंदूने चघळला आणि अंगणाच्या कडेला जाऊन थुंकला.

"बाय, ह्यां तुझा नाय. ह्यां खंयच्या तरी कारखान्यातला."

आमच्या लक्षात आलं. तिचा माल काढून घेऊन पाकिटात दुसरा स्वस्त माल भरला होता आणि पैसेही परत मागितले होते. मी संतापलो. ती मात्र आत गेली, तागडी घेऊन आली, एका पारड्यात अर्ध्या किलोचं वजन ठेवलं आणि दुसऱ्यात परत आलेली सोलं ओतली. पारडी हलली आणि समान झाली. अगदी समान. दुसरं पाकीट ओतलं, तेही तसंच. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"बघा. माझा असता तर हय खाली बसला असता," ती म्हणाली. "इतक्या बरोबर मी जल्मात कोणाक घातलंय नाय."

हा पुरावा होता. मला तो फार आवडला. मी घरी येऊन तक्रार लिहायला बसलो. मराठीत लिहून मग इंग्रजीत उतरवली, कारण रकाना इंग्रजी किंवा हिंदीच घेत होता. दोन दिवस लागले. परत आलेला माल कसा वेगळा आहे, पाकिटाचा जोड कसा कापलेला आहे, सगळं क्रमाने लिहिलं. आणि शेवटी एक वाक्य घातलं, ज्याचा मला तेव्हा अभिमान वाटला : ही बाई प्रत्येक पाकिटात लिहिलेल्या वजनापेक्षा एक मूठ जास्त माल घालते, ही तिच्या घरची रीत आहे, परत आलेला माल बरोबर अर्धा-अर्धा किलो भरतो, यावरूनच तो तिचा नाही हे सिद्ध होतं. तिला वाचून दाखवलं. तिने मान डोलावली. "ग्रंथासारख्या झाला," असं म्हणाली.

उत्तर सहा दिवसांनी आलं, चार ओळींचं. परत आलेल्या मालाचं वजन यादीतल्या वर्णनाशी जुळतं. पाठवलेल्या पार्सलचं वजन मात्र जुळत नाही, ते जास्त भरलं होतं. पाकिटातला माल वर्णनापेक्षा वेगळा होता हे विक्रेत्याने स्वतः मान्य केलं आहे. म्हणून निर्णय खरेदीदाराच्या बाजूने.

मी ते तिला मराठीत सांगितलं. ती बाकाच्या कडेवर बसली होती.

"मान्य केलंय म्हणजे? मी चोरी मान्य केलंय?"

"त्यांचं म्हणणं, पाकिटावर लिहिलंत त्याहून वेगळं घातलंत."

"जास्त घातलंय."

"जास्त म्हणजे वेगळंच, असं ते म्हणतात."

"मास्तरांनू, कमी आणि जास्त एकच?"

मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. मुठीचं ते वाक्य मी घातलं नसतं तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. पण मी घातलं, आणि त्यांनी तेच उचललं.

त्या निर्णयानंतर दुकानाच्या पानावर एक लाल ओळ आली. 'या विक्रेत्याकडून बनावट माल आल्याची नोंद आहे.' आम्हाला ती दिसली नव्हती. मुंबईच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईने फोन करून सांगितलं. ती चांगली होती, संकोचत बोलली. "बाय, माझा विश्वास आहे हो, पण सुनेने बघितलं, ती म्हणते दुसरीकडून घेऊ."

इझाबेलबाय वाचनालयात आली. त्या दिवशी कुजबुजली नाही. म्हणाली, "दाखवा." मी पान उघडलं. वर मोठ्या अक्षरांत 'आंजेलीनची सोलां', खाली ती लाल ओळ. तिने चष्मा पुसला, फोन डोळ्यांपाशी नेला आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं. आवाज न करता, ओठ हलवत.

"माझे आवशीच्या नावाखाली," ती म्हणाली. मग, "पैशे खावंदे तेका. ह्यो एक शब्द तेवढो काढूक सांगा."

इथून पुढचं वर्ष सांगण्यासारखं नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. मी लिहायचो, उत्तर यायचं, प्रत्येक उत्तराखाली वेगळ्या माणसाचं नाव. त्यांनी फोटो मागितले. मी तिचं सोल आणि ते दुसरं शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला. फोटोत दोन्ही काळी दिसली. तिने फोन आडवा-उभा करून पाहिला.

"ह्यात खारट खंयचा आणि आळणी खंयचा, सांगा बघू," ती म्हणाली. "तेंका म्हणा, पत्ता द्या. दोनय पाठवतंय. जिभेर ठेवा आणि सांगा."

मी हे लिहिलंही. उत्तर आलं की कंपनी नाशवंत वस्तू स्वीकारत नाही.

मग त्यांनी माल भरतानाचा व्हिडिओ मागितला. ठाण्याच्या पार्सलचा आमच्याकडे अर्थातच नव्हता. पुढच्यांसाठी तरी असावा म्हणून आम्ही व्हिडिओ काढायला लागलो. पहिल्या दिवशी ती मिसेला जायचा झगा घालून, केस विंचरून ओट्यावर बसली. मी फोन धरला आणि सुरू करा म्हणालो. ती फोनकडे बघून उभी राहिली.

"नमस्कार. नाशकाचे बाई, मी इझाबेल. ही सोलां मी तुमच्यासाठी भरतंय. औंदा ऊन बरा पडला. कढीत घालशाल तर आधी कोमट पाण्यात घाला, कडकडीत नको. घरात कोणाक पित्ताचो त्रास असलो तर..."

व्हिडिओ एका मिनिटाहून मोठा नको, अशी अट होती. एका मिनिटात तिचं पित्तच आटपत नसे, पाकिटापर्यंत ती पोचायचीच नाही. मी म्हटलं, बाय, बोलू नका, नुसतं भरा. ती म्हणाली, "गिरायकासमोर मुक्याने माल भरूचो? तेका काय वाटात?"

मी तिला तेव्हा आणखी एक सांगितलं. वरची मूठ बंद करा. त्यांच्या काट्यावर वजन जुळलं पाहिजे, नाहीतर उद्या पुन्हा कुणी असंच करील आणि पुन्हा आपणच खोटे ठरू. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी चार पाकिटं भरायची होती. पारडी समान झाली, तिचा हात टोपलीकडे गेला, तिने तो ओढून घेतला आणि झग्याच्या मागे धरला. चारही पाकिटं तशीच बंद केली. मला बरं वाटलं. नंदूने ती पिशवीत टाकली, मोटरसायकल चालू केली आणि फाटकापर्यंत गेला.

"नंदू, थांब रे."

नंदू थांबला. तिने पिशवी उतरवायला लावली, कात्रीने चारही पाकिटं फोडली आणि प्रत्येकात एकेक मूठ घातली. नंदू माझ्याकडे बघत होता. मला राग आला. मी तिला बोललो. इतके महिने मी कुणासाठी लिहितो आहे, असंही बोललो.

तिने पाकिटं पुन्हा बंद केली, पिशवी नंदूच्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेंच्या काट्यार खरी होवक मी माझ्या काट्यार खोटी होवची नाय."

त्यानंतर ती आठ दिवस वाचनालयात आली नाही. नवव्या दिवशी आली, दारात चपला काढल्या आणि कुजबुजली, "काय लिवल्यानी?" त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.

ऑर्डरी कमी होत गेल्या. लाल ओळ वाचून कोण मागवणार? बाजारात बसून ती घर चालेल इतकं विकायची, तेव्हा उपाशी राहायची वेळ नव्हती. दुकान बंद करून टाकू, पानच गेलं की शब्दही जाईल, असं मी एकदा म्हणालो. तिला ते पटलं नाही. बंद केलं तर लोक म्हणतील पकडली गेली म्हणून पळाली. मी शोध घेतला, तर तक्रार चालू असेपर्यंत दुकान बंद करताही येत नव्हतं.

कंपनीत माणसाशी बोलता येईल असा नंबर मला शेवटी या मे महिन्यात सापडला, ती जायच्या थोडे दिवस आधी. नंबर म्हणजे तिथे आपण नोंद करायची, मग ते दोन दिवसांत केव्हाही फोन करणार. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला वाचनालयात फोन वाजला. ध्वनिमुद्रित आवाज हिंदीत सांगत होता की आमचा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे आणि आम्ही लाइनवर राहावं. मी वाचनालय उघडंच टाकून तिच्या घराकडे निघालो. उन्हाची वाट, हातात फोन, फोनमध्ये संगीत.

ती अंगणात होती. भोवती चटयांवर साली पसरलेल्या, पुढ्यात पातेलं, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. मी काय झालं ते सांगितलं. ती उठली, हात अंगापासून लांब धरले आणि मान वाकडी करून कान पुढे केला. मी फोन तिच्या कानाशी धरला, मलाही ऐकू येईल असा मोठा केला. संगीत चालूच होतं. तिच्या बोटांवरून रस जमिनीवर ठिबकत होता. अशी ती किती वेळ उभी राहिली कुणास ठाऊक. माझा हात भरून आला, तिची मान हलली नाही.

मग एका मुलीचा आवाज आला, हिंदीत. काय मदत करू?

इझाबेलबायने कचेरीतली मराठी काढली. "पैसे तुम्ही ठेवा. मला पैसे नकोत. आमच्या दुकानाखाली एक शब्द लिहिला आहे, तो काढा."

मुलगी नोंद पाहून म्हणाली, मॅडम, तो शब्द आम्ही लिहीत नाही, खरेदीदाराने कारण निवडलं की तो आपोआप येतो.

"मग आपोआप जाईल काय?"

"नहीं, मॅडम."

"आंजेलीन माझी आई. ती मेली. तिच्या नावाखाली आहे तो."

मग मुलगी मराठीत बोलली, हळू आवाजात. "मावशी, मला कळतंय. पण ते बटण माझ्याकडे नाहीये. कोणाकडे आहे ते पण मला माहीत नाही."

"बरा," इझाबेलबाय म्हणाली.

"मी तक्रार पुढे पाठवते. फोन ठेवल्यावर माझ्या बोलण्याला एक ते पाच गुण द्यायचे असतात. तेवढं करा, प्लीज."

"कमी दिलंय तर तुका काय करतत गो?"

"तेवढं कराच, मावशी," मुलगी म्हणाली.

"देव बरें करूं," इझाबेलबाय म्हणाली, आणि फोन तुटला. मेसेज आला : एक ते पाच. ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "माका दाबूक जमाचा नाय. तुमी दाबा. पाच."

"पाच? काय केलं तिने?"

"चेडवान काय करूचा? तेच्या हातात काय आसा? पाच दाबा, मास्तरांनू."

मी पाच दाबलं. क्षणात दुसरा मेसेज आला. आपण सेवेबद्दल पूर्ण समाधान व्यक्त केल्याबद्दल आभार. आपली तक्रार निकाली काढून बंद करण्यात आली आहे. ती पुन्हा उघडता येणार नाही.

मी तो दोनदा वाचला. ती पुन्हा पातेल्यापाशी बसली होती.

"काय लिवल्यानी?" तिने विचारलं.

"आभार मानलेत," मी म्हणालो. "पुढे पाठवलं म्हणतात."

"बघा," ती म्हणाली, "माणूस भेटला मगे काम होता." आणि तिने आभाळाकडे बघितलं, अजून किती ऊन शिल्लक आहे ते बघायला, आणि साली रसात सोडायला लागली.